चष्मा पुन्हा बदलण्याआधी

अगं, सासऱ्यांना घेऊन पुन्हा चष्म्याच्या दुकानात निघालीस? थांब जरा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नंबरही बरोबर आहे. तरी जिना उतरताना त्यांची पायरी चुकते, पांढरा रस्सा शर्टावर सांडतो, आणि मध्येच ते पाठीमागे धाडकन पडतात. बघ, डोळा धड असला तरी नजर खाली वळत नसेल तर असंच होतं. ती वळवायचं काम मेंदूचं, म्हणून आता न्यूरॉलॉजिस्ट गाठ.

डोळ्यांवरून मेंदूचा आजार कळतो, हे काही नवीन खूळ नाही हं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांची हकिगत ‘ब्रेन’ या नियतकालिकात लिहिली. चालताना तोल जाणारी माणसं, आणि त्यांची नजर इकडून तिकडे जायची ती अगदी सावकाश. याच आजाराला पुढे एससीए-२ म्हणू लागले, आणि १९९६ मध्ये त्याचं जनुक सापडलं. जनुकाची तपासणी नसताना नुसत्या नजरेवरून वाडिया-स्वामींनी हा आजार वेगळा काढला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुझ्या सासऱ्यांचं ऐकून डॉक्टर कदाचित ‘पीएसपी’ (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) या मेंदूच्या आजाराची शंका घेतील. तो सुरुवातीला पार्किन्सनसारखाच दिसतो, पण त्यात नजरेची वर-खाली उडी मंदावते. म्हातारपणी वर बघणं थोडं कमी होतंच, त्यानं घाबरू नकोस. खाली बघता येतं का, ते महत्त्वाचं. डॉक्टर एक बोट वर, एक खाली धरून झटकन नजर फिरवायला सांगतील. मग समोर बघायला सांगून त्यांचं डोकं हलकेच मागे-पुढे करतील. एरवी खाली न जाणारे डोळे तेव्हा गेले, तर स्नायू ठीक आहेत, हुकूमच वरून येत नाही, असं समजायचं. डोकं हलवायचा हा प्रयोग घरी मात्र करू नकोस गं!

काही मोठ्या ठिकाणी हेच यंत्रानं मोजतात. हनुवटी टेकवून पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघायचं, कॅमेरा नजरेचा वेग टिपतो. कधी ठिपक्याच्या उलट दिशेला बघायला सांगतात; तिथं धडधाकट माणूसही चुकतो, पण लगेच सावरतो. सुई नाही, दुखणं नाही. झोपेच्या आणि फिटच्या काही गोळ्यांनीही नजर मंदावते, म्हणून गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घाल.

खरं सांगू का, एवढ्यावरून कुणी छातीठोक निदान करत नाही. एमआरआय आणि बाकीची तपासणी लागतेच. पीएसपी बरा करणारं औषधही अजून नाही. पण नाव कळलं की पडणं आणि जेवताना लागणारा ठसका, दोन्ही वेळेवर सांभाळता येतात. तू एवढं घर चालवतेस, हेही जमेल तुला. आजच जिन्याला कठडा बसवायला सांग, आणि ताट स्टुलावर उंच ठेव. त्यांना विचारून चालण्याचा छोटा व्हिडिओ काढ. सरकारी सीपीआर रुग्णालयात न्यायचं की खासगीत, ते घरात ठरवा. पण केसपेपरवर नुसतं ‘चक्कर’ लिहू देऊ नकोस. ‘मागे पडतात, खाली बघता येत नाही’ असं स्पष्ट सांग.