झाकलेले म्हणजे पुसलेले नव्हे
संगणकावरील सदिश चित्रात, उदाहरणार्थ गावाच्या नकाशात, प्रत्येक आकृती बिंदूंच्या निर्देशांकांनी नोंदविलेली असते. तिच्यावर दुसरी अपारदर्शक आकृती ठेवल्यास ती दिसेनाशी होते. नोंद मात्र कायम राहते. परिणामी फाइल फुगते. शिवाय पांढऱ्या चौकटीखाली झाकलेले लाभार्थ्याचे नावही जाणकारास वाचता येते.

यासाठी प्रथम मूळ फाइलची प्रत जपून ठेवावी. इंकस्केपमध्ये केवळ बाह्यरेषा दाखविणारी दृश्यपद्धती निवडताच लपलेल्या आकृत्या उघड होतात. त्यांपैकी पूर्णपणे झाकलेल्या काढून टाकाव्यात. अंशतः झाकलेल्या छाटल्यास नवे बिंदू वाढून फाइल उलट मोठी होऊ शकते. त्या सहसा तशाच ठेवाव्यात. वरची आकृती अर्धपारदर्शक असल्यास खालचीस हात लावू नये. शेवटी नवे चित्र मूळ प्रतीशी ताडून पाहावे.