बार्शी लाइटचं मॉडेल आणि प्रमाणाचं गणित

वाफेच्या काळातल्या रेल्वेचं मॉडेल करणारे छंदिष्ट जमले की चेष्टा ठरलेलीच. "अहो, तुमची ब्रॉडगेज उपाशी आहे का? किती बारीक झालीय!" या चेष्टेत प्रमाणाचा अख्खा पाठ दडलाय.

'एचओ' मॉडेल म्हणजे खऱ्या गाडीचा ८७ वा भाग. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतर १६७६ मिमी.
१६७६ ÷ ८७ = सुमारे १९.३ मिमी
तयार रूळ मात्र १६.५ मिमीचे. ते परदेशातल्या १४३५ मिमी गेजचं प्रमाण धरून केलेले. म्हणून ती बारीक!

आता आपल्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी लाइट घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही नॅरोगेज १८९७ मध्ये सुरू झाली. अंतर ७६२ मिमी होतं.
७६२ ÷ ८७ = सुमारे ८.८ मिमी
तयार रूळ ९ मिमीचे मिळतात. धाकटी गाडी जवळजवळ चपखल बसते!

वर्गात मुलांना वहीत हे रूळ आखू द्या. एकमेकांची थट्टाही करू द्या. अट एकच: चूक दाखवायची ती भागाकार करून. नुसतं हसलं तर मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही. आकडा दाखवला तर पट्टी घेऊन पुन्हा मोजतं.