मायसेल्फ कुठं शोभतं

नाशिक

चि. मुक्ता,


मुलाखतीसाठी लिहिलेला तुझा परिचय आणि त्यासोबतचा मेलचा मसुदा वाचला. मजकूर नेटका आहे, उगाच फुगवलेलं काही नाही. पण जागोजागी ‘मायसेल्फ’ पेरलंयस, आणि सुरुवातच ‘मायसेल्फ मुक्ता’ अशी. इंग्रजीत हे वाक्यच होत नाही. ‘आय ॲम मुक्ता’ म्हण, नाहीतर ‘माय नेम इज मुक्ता’. संपलं. आपल्याकडे ही सवय कुठून आली याचा माझा आपला एक अंदाज आहे. मराठीत ‘मी मुक्ता’ म्हटलं की क्रियापदावाचून भागतं; आणि चारचौघांत उभं राहिल्यावर नुसतं ‘आय’ आपल्याला फार तोकडं वाटतं. मग भारदस्त म्हणून ‘मायसेल्फ’ येतं. भारदस्तपणा हे त्याचं कामच नव्हे.

त्याचं पहिलं काम असं: करणाऱ्याची क्रिया त्याच्यावरच उलटली की ते दाखवायचं. ‘ही ब्लेम्ड हिम’ म्हणजे त्यानं दुसऱ्या कुणाला दोष दिला, ‘ही ब्लेम्ड हिमसेल्फ’ म्हणजे स्वतःला. फार जुन्या इंग्रजीत नुसत्या ‘हिम’वर दोन्ही अर्थ भागत, ‘सेल्फ’ हा जोर देणारा सुटा शब्द होता. पुढे दोघं चिकटले, आणि आज हा फरक पाळावाच लागतो.

हे सर्वनाम दाव्याला बांधलेल्या वासरासारखं आहे. खुंटा जवळ हवा, त्याच उपवाक्यात. आपल्या ‘आपण’चं दावं बरंच लांब असतं. ‘आपण येणार नाही असं विनय म्हणाला’ यातलं ‘आपण’ थेट विनयपर्यंत पोचतं. इंग्रजीत तिथं ‘हिमसेल्फ’ चालत नाही, ‘विनय सेड ही वुडन्ट कम’ एवढंच म्हणायचं. आता तुझ्या मेलमधलं ‘प्लीज सेंड द फाइल टू विनय अँड मायसेल्फ’ बघ. या वाक्यात ‘आय’ कुठंच नाही, पाठवणारा समोरचा माणूस आहे. खुंटाच नाही तर बांधणार कशाला? विनयला बाजूला काढून वाच: ‘सेंड द फाइल टू मायसेल्फ’. कानालाच खटकतं ना? ‘विनय अँड मी’ कर. साहेबलोकही आपल्या पत्रांत हा दोष सर्रास करतात, नम्र दिसावं म्हणून. त्यांचं त्यांच्यापाशी.

खरी गंमत मला दुसरीकडे वाटते, आणि तिथं मराठी माणूस हमखास अडखळतो. भाजी चिरताना सुरी लागली तर आपण काय म्हणतो? ‘मला कापलं.’ तव्याला हात लागला तर ‘मला भाजलं’. विनय जिन्यावरून पडला तर ‘त्याला लागलं’. आपल्या बोलण्यात ही माणसावर येऊन पडलेली गोष्ट असते, त्यानं काही केलेलं नसतं. इंग्रजी त्याच माणसाला कर्ता करून पुढं उभं करतं: ‘आय कट मायसेल्फ’, ‘आय बर्न्ट मायसेल्फ’, ‘ही हर्ट हिमसेल्फ’. मुद्दाम केलं असा त्याचा अर्थ मुळीच नाही. म्हणून मराठी वाक्यात ‘स्वतःला’ शोधत बसू नकोस, तिथं ते नसतंच. उलट ‘मला थकल्यासारखं वाटतं’ याला ‘आय फील टायर्ड’ पुरतं, ‘मायसेल्फ’ लागत नाही. सकाळी उठणं, अंघोळ, दाढी, कपडे घालणं, यांनाही ते नको. ‘ही वॉश्ड अँड ड्रेस्ड’ एवढ्यात त्याचं सगळं आवरून होतं.

काही क्रियापदांना मात्र ही शेपटी लागतेच. सहलीहून आल्यावर तू लिहिलं होतंस ‘वी एन्जॉइड अ लॉट’. ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ज’ हवं, किंवा काय एन्जॉय केलं ते तरी सांगायला हवं. ऑफिसात चहा-बिस्किटं मांडून कुणी ‘हेल्प युअरसेल्फ’ म्हणालं, तर ते हवं ते घे म्हणतायत. ‘सूट युअरसेल्फ’ म्हणजे तुझी मर्जी, आणि त्यात बहुतेक वेळा थोडा फणकारा असतो, तेवढं ओळखून ठेव. ‘अवेल’लाही प्रमाण इंग्रजीत ही शेपटी लागते, ‘अवेल युअरसेल्फ ऑफ’. पण इथल्या जाहिरातींनी ती केव्हाच छाटलीय. त्या भांडणात पडू नकोस, सरळ ‘यूज’ लिही.

‘युअरसेल्फ’ एकाला, ‘युअरसेल्व्ज’ अनेकांना. आपण आदरानं एकट्या माणसालाही अनेकवचन लावतो, ते इथं आणू नकोस. साहेब कितीही मोठा असो, एकटा असेल तर ‘युअरसेल्फ’च. ‘यू’ एकाला की दहांना हे प्रमाण इंग्रजीत एरवी त्या शब्दावरून कळत नाही, ते या जोडीत उघडं पडतं.

जोर द्यायला हे शब्द वापरतेस ते ठीक, फक्त जागा सांभाळ. ‘द मॅनेजर हिमसेल्फ कॉल्ड’ म्हणजे खुद्द मॅनेजरांचा फोन आला. ‘द मॅनेजर कॉल्ड हिमसेल्फ’ म्हणालीस, तर त्यांनी स्वतःलाच फोन लावला असं ऐकणाऱ्याला वाटेल. आयर्लंडच्या इंग्रजीत नुसतं ‘हिमसेल्फ’ म्हणजे घरचा धनी किंवा साहेब: ‘इज हिमसेल्फ इन?’ आपल्या आज्या नाव न घेता ‘इकडची स्वारी’ म्हणायच्या, त्याची मला आठवण होते. तू मात्र ते ऑफिसात वापरू नकोस.

राहिलं तुझ्या परिचयातलं ‘आय डिड द प्रोजेक्ट बाय मायसेल्फ’. यात कुणाच्या मदतीशिवाय हा अर्थ आहे, एकटीनं हाही आहे. ‘आय लिव्ह बाय मायसेल्फ’ मध्ये तर एकटेपणाच आहे. दार आपोआप उघडलं तरी इंग्रजीत ‘बाय इटसेल्फ’च. तू फोनवर म्हणालीस की प्रोजेक्टला तिघीजणी होतात आणि आराखडा तेवढा तुझा होता. मग ‘आय डिझाइन्ड इट मायसेल्फ’ लिही, आणि पुढच्या वाक्यात त्या दोघींचं काम सांग. मुलाखत घेणारे नेमकं तेच विचारतील.

सुधारलेला मसुदा शनिवारपर्यंत पाठव. वहिनीला सांग, लोणच्याची बरणी पोचली.

तुझी,
आत्या