अवकाशयान आणि परतीची वाट

मानवी अवकाशयान किती उंच गेले, याची आपण चौकशी करतो. परंतु उड्डाण फसल्यास आतील माणसे जिवंत कशी परततील, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून अवकाशात गेले, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे सहप्रवासी गेन्नादी स्त्रेकालोव्ह यांची हकीकत मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. त्याआधी सहाच महिने, २६ सप्टेंबर १९८३ रोजी, ते व व्लादिमिर तितोव्ह उड्डाणासाठी यानात बसले असता अग्निबाणाच्या तळाशी आग भडकली. शेंड्यावरील सुटकेच्या लहान अग्निबाणाने त्यांची कुपी उचलून सुमारे चार किलोमीटर दूर नेली. काही सेकंदांतच मुख्य अग्निबाणाचा स्फोट झाला. दोघेही बचावले!

अमेरिकेच्या चॅलेंजर यानाला अशी सोय नव्हती. २८ जानेवारी १९८६ रोजी त्याच्या घन-इंधन बूस्टरच्या सांध्यातून ज्वाळा निघाल्या आणि सातही प्रवासी मृत्युमुखी पडले.

घन इंधनाचा स्वभाव दिवाळीतल्या बाणासारखा असतो. एकदा पेटले की ते विझवता येत नाही. भारताच्या गगनयान योजनेतील अग्निबाणालाही असे दोन बूस्टर असून प्रत्येकात सुमारे २०० टन इंधन मावते. त्यांचा एक मधला भाग मुंबईत पवईच्या लार्सन अँड टुब्रो कारखान्याने २०२० साली तयार करून दिला. तीन माणसांना सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर नेण्याची ही योजना आहे. म्हणूनच २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे आधी सुटकेचीच चाचणी झाली. उडत्या अग्निबाणापासून रिकामी कुपी ओढून वेगळी काढण्यात आली आणि हवाई छत्र्यांच्या आधारे ती बंगालच्या उपसागरात उतरली.

पाऊस रुसला की आमच्या खान्देशातील विहिरी आटतात. मग अवकाशात माणूस कशाला धाडायचा, असे काही वर्गमित्र विचारतात. हा प्रश्न रास्तच आहे आणि त्यावर मतभेद राहतील. परंतु माणूस धाडायचाच, तर त्याच्या परतीच्या वाटेवर काटकसर नको. उड्डाण सुरळीत झाले की सुटकेचा अग्निबाण न वापरताच वाटेत टाकून दिला जातो. तरीही त्याचे ओझे प्रत्येक वेळी वाहावे लागते. वाया गेलेला हा खर्च म्हणजेच माणसाच्या जिवाची राष्ट्राने केलेली किंमत होय, असे मला वाटते.