आठ बटणांचा शिपाई

प्रदर्शनात एक गृहस्थ माझ्या घोडेस्वारापाशी बराच वेळ थांबले तेव्हा मी मनातून सुखावलो होतो. 54 मिलिमीटरचा पुतळा, खाली पितळी पट्टीवर कोरलेलं ‘जर्मन घोडेस्वार, 1926’. त्यांनी खिशातून भिंग काढलं, काहीतरी मोजलं आणि हळूच म्हणाले, “अहो, यानं दहा वर्षांनंतरचा कोट घातलाय.”

ते बटणं मोजत होते. माझ्या स्वाराला पाच होती, आणि 1926च्या शिपायाला हवीत आठ, शिवाय खालचे खिसे तिरके. कॉलर मी झोकात गडद बाटलीहिरवी रंगवली होती. ती आली 1935मध्ये. झालं होतं असं, की दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन शिपायाचं धड घेतलं, छातीवरचा नाझी गरुड ब्लेडनं खरवडला, शिरस्त्राण एम-सीलनं जरा बदललं आणि हातात तारेचा भाला दिला. गरुड खरवडण्याइतकं कळत होतं, कोटाकडे बघण्याइतकं नव्हतं.

या विषयात पाय घसरतो तो इथेच. दोन्ही महायुद्धांवर पुस्तकांचे ढीग आहेत, पुतळ्यांचे तयार संच आहेत. मधल्या काळाचं फारसं काही हाती लागत नाही, म्हणून माणूस दोन टोकं धरून मधलं अंदाजानं भरतो. व्हर्सायच्या तहानं जर्मन सैन्य 1 लाखावर आणलं होतं, त्यात अधिकारी फक्त 4 हजार. एवढ्याशा सैन्यात गणवेश काय बदलणार, असं मलाही वाटलं होतं. पण राज्य बदललं की आधी बदलतात त्या टोपीवरच्या खुणा. 1919मध्ये युद्धातून उरलेलं जे मिळेल ते अंगावर चढवलं जात होतं. कॉलरवरच्या दुहेरी पट्ट्या कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळी मुख्यतः गार्ड पलटणींचा मान होता, त्याच्यानंतर आलेल्या प्रजासत्ताकानं त्या सरसकट सगळ्यांना दिल्या. शिरस्त्राणाच्या डाव्या बाजूला आपापल्या प्रांताची ढाल असे: प्रशियाची काळी-पांढरी, बव्हेरियाची निळ्या-पांढऱ्या शंकरपाळ्यांची. मार्च 1933मध्ये ती जाऊन काळी-पांढरी-लाल ढाल आली आणि 1934मध्ये हाकेनक्रॉइत्सवाला, म्हणजे नाझी स्वस्तिकाचा, गरुड. नवं शिरस्त्राण 1935चं, पण जुनं, शिंगांसारख्या खुंट्यांचं, त्यानंतरही वर्षानुवर्षं डोक्यावर दिसतं. म्हणून प्लास्टिकला कात्री लावण्याआधी कागदावर साल लिहा. 1933 ते 1935मधला शिपाई असेल तर महिनाही लिहा.

माझी दुसरी चूक भिंगवाल्यांच्या नजरेतून सुटली. ती मला पुढे कित्येक महिन्यांनी सापडली. ज्या फोटोवरून मी पुतळा केला त्यात खांद्याच्या पट्टीची गोट काळपट दिसत होती. जर्मन सैन्यात गोटेचा रंग म्हणजे दल: पायदळ पांढरं, तोफखाना लाल, घोडदळ सोनेरी पिवळं, सॅपर काळे. काळपट, म्हणजे लाल, असं मी ठरवून टाकलं. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, हे मला ठाऊक होतं. पण ती पिवळ्यालाही काळवंडून टाकते आणि निळ्याला मात्र फिकट करते, इकडे लक्षच गेलं नाही. बव्हेरियाच्या शंकरपाळ्या अशा फोटोत जवळजवळ पांढऱ्याफटक दिसतात. प्रजासत्ताकाचे काळा, लाल, सोनेरी हे तिन्ही रंग एकाच काजळीत बुडतात. आणि गंमत म्हणजे फोटोतल्या माणसाच्या हातात भाला होता! जर्मन घोडदळानं भाला 1927मध्ये सोडला, तोवर तो घोडदळाचीच खूण. मी तो भाला तारेचा करून हातात दिला, पट्टीवर ‘घोडेस्वार’ कोरलं आणि गोट रंगवली तोफखान्याची. फोटोतून रंग काढायचा झाला तर आधी माणूस काय करतोय ते पाहावं, मग गोटेकडे वळावं.

फोटोखालच्या मजकुरावरही आंधळा विश्वास नको. जर्मनीच्या बुंडेसआर्काइव्हनं, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारानं, 2008च्या अखेरीस हजारो फोटो सगळ्यांना खुले केले, त्यातला 102 क्रमांकाचा संच या काळासाठी सोन्याची खाण आहे. मात्र खालच्या ओळी बऱ्याचदा तेव्हाच्या वृत्तसंस्थांच्या, तेव्हाच्या सोयीनं लिहिलेल्या. खासगी फोटोंच्या पाठीवरचं हस्ताक्षर जास्त खरं बोलतं, पण ते असतं जुन्या वळणाच्या जर्मन लिपीत. मी मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तरी एक अक्षर लागेना. आमच्या आजोबांची मोडीतली चोपडी समोर आली की घरातल्या शिकलेल्या माणसांची जी गत होई, तीच माझी. तक्ता समोर ठेवून महिनाभर गिरवलं, तेव्हा कुठे तारखा आणि गावांची नावं वाचता येऊ लागली. पुतळ्याला तेवढं पुरतं.

आता रंगाच्या बाटलीचं. ‘फील्ड ग्रे’ लिहिलेल्या बहुतेक बाटल्या पुढच्या महायुद्धाच्या हिशेबानं बनवलेल्या असतात, आणि मुळातलं कापडही धुण्यानं-उन्हानं फिकं पडायचं. छोट्या पुतळ्यावर रंग गडद भासतो म्हणून थोडा पांढरा मिसळा, फार खल करू नका. गणवेश घालून जुन्या लढाया वठवणाऱ्या हौशी मंडळींचे रंगीत फोटो मोहात पाडतात, लिलावातल्या शिरस्त्राणांचे त्याहून जास्त. दोन्हींत नवी शिलाई आणि मागाहून चिकटवलेल्या ढाली भरपूर. जमल्यास इंगोलश्टाटचं किंवा राश्टाटचं सैनिकी संग्रहालय बघा आणि काचेतल्या कोटाची पाठही बघा, कारण फोटोत पाठ क्वचितच येते.

घोडेस्वार मी मोडला नाही. एम-सीलच्या पातळ थरात कोट नव्यानं बसवला, सुईच्या टोकानं आठ टिंबं उठवली, गोट पिवळी केली. भिंगवाले गृहस्थ पुढच्या वर्षी पुन्हा आले. या खेपेला त्यांनी घोड्याच्या खोगिरावर भिंग धरलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.