रस्त्यावर हाती पडणारे पत्रक : एक अभ्यासपाठ



एडिसनच्या ओक ट्री रोडवर वाणसामान घेतांना किंवा न्यू यॉर्कला आगगाडी बदलतांना हातात धार्मिक पत्रक देणारा माणूस कधी ना कधी भेटतोच. आपला चेहरा पाहून तो आपल्याला हिंदू समजतो. "आम्ही यहुदी" म्हटले की त्याला आश्चर्य वाटते, आणि लगेच तो यशयाचे पुस्तक उघडतो. आपली मुले येथे गोंधळतात. त्यांना शब्बाथ ठाऊक असतो, मलिदा ठाऊक असतो, पण यशया कोणी शिकविलेला नसतो. म्हणून हा पाठ.

प्रथम कायद्याविषयी, कारण काहींना वाटते की अशा माणसाला पोलिसांकडून हटवावे. तसे होत नाही. आपल्याच राज्यातील अर्व्हिंग्टन गावात परवान्याशिवाय दारोदार पत्रके वाटल्याबद्दल यहोवाच्या साक्षीदारांपैकी एका बाईंना दोषी ठरविले होते. १९३९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाविरुद्ध ठरविला. १९८७ साली लॉस एंजेलिस विमानतळाच्या खटल्यातही निकाल पत्रके वाटणाऱ्यांच्याच बाजूने लागला. त्यातील पक्षकार होती 'ज्यूज फॉर जीझस', म्हणजे जन्माने यहुदी पण बॅप्टिस्ट पाळक झालेल्या मोईशे रोझेन यांनी १९७३ साली काढलेली संस्था. ज्या स्वातंत्र्याने तो बोलतो त्याच स्वातंत्र्याने आपण सिनेगॉगला जातो. त्याला देण्याचा हक्क आहे, आपल्याला न घेण्याचा.

आपल्या समाजाला हा प्रसंग नवा नाही. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. मराठी शिकून ते बाजारांत, रस्त्यांवर, देवळांसमोर उभे राहून उपदेश करीत. १८२६ साली नाशिक-त्र्यंबकच्या फेरीहून परततांना कॉलऱ्याने त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागून आलेल्या जॉर्ज बोवेन यांनी मिशनचा पगार सोडला व गरीब वस्तीत राहून कित्येक वर्षे रस्त्यावर उपदेश केला. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्याशी झालेल्या जाहीर वादांतही ते होते. विष्णुबुवा आपल्याच कुलाबा जिल्ह्यातले, माणगावकडचे. या मिशनऱ्यांच्या श्रद्धेविषयी आपले मत काहीही असो, त्यांच्या कष्टांना नाव ठेवता येणार नाही.

बेने इस्राएलांवर या मंडळींचे विशेष लक्ष होते. आपल्या पूर्वजांपाशी तेव्हा काय होते? सुंता, शनिवारचा विसावा, खाण्याचे निर्बंध आणि शेमा. मुंबईत १७९६ साली सामुएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेले एक सिनेगॉग होते. पण शास्त्र समजेल अशा भाषेत नव्हते. ते मिशनऱ्यांनी दिले. मिशनच्या शाळांत आपली मुले शिकली, आपली माणसे शिक्षक झाली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. हेतू उघड होता : शास्त्र वाचतील तर ख्रिस्ती होतील.

झाले उलटेच. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीच्यांनी हिब्रू घेतली, मराठी तनाख वाचला, आणि अधिक पक्के यहुदी झाले. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनीही मोठा हातभार लावला. १८४६ साली मुंबईत हिब्रू-मराठी हग्गादा शिळाछापावर निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सामुएल केहिमकरांनी १८७५ साली इस्राएली शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. मिशनऱ्यांचे उपकार मानूनही केहिमकरांना आपली शाळा हवी होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता पत्रकांत नेहमी येणारी दोन स्थळे पाहू.

पहिले, यशया अध्याय ७, वचन १४. पत्रकात तेथे कुमारी, म्हणजे पुरुष न जाणलेली, असा अर्थ लावतात. मूळ हिब्रू शब्द 'अल्मा', अर्थ तरुण स्त्री. कौमार्य स्पष्ट सांगायचे तेव्हा 'बेतुला' हा शब्द येतो. ग्रीक भाषांतरातून पुढे कुमारी हा अर्थ रूढ झाला. पण शब्दाच्या वादापेक्षा अध्याय सुरुवातीपासून वाचणे अधिक उपयोगी. यहूदाचा राजा आहाज याच्यावर अरामचा आणि उत्तरेकडील इस्राएलचा असे दोन राजे चालून आले आहेत. संदेष्टा त्याला धीर देतो. वचन १६ सांगते की ते मूल बरेवाईट ओळखू लागण्यापूर्वीच त्या दोन राजांचे देश ओसाड पडतील. शेकडो वर्षांनंतरच्या जन्माची खूण भेदरलेल्या आहाजाच्या काय कामाची?

दुसरे स्थळ अधिक कठीण, आणि ते कठीण आहे हे मुलांपासून लपवू नये : अध्याय ५३, दुःख सोसणारा सेवक. पत्रके ५३ च्या आरंभापासून छापतात, परंतु हा उतारा खरा सुरू होतो ५२ च्या १३ व्या वचनापासून. अध्यायांची विभागणी संदेष्ट्याची नव्हे. ती तेराव्या शतकात ख्रिस्ती विद्वानांनी केली. सेवक कोण, याचे उत्तर यशयाच मागे देतो. ४१:८, ४४:१ आणि ४९:३ येथे इस्राएलला स्पष्टपणे सेवक म्हटले आहे. राशी यांनीही सेवक म्हणजे इस्राएल प्रजा, असाच अर्थ केला. हा अध्याय सिनेगॉगात मुद्दाम वाचीत नाहीत असा आरोप होतो. संदेष्ट्यांच्या पुस्तकांचा बहुतेक भाग हफ्तारात येतच नाही. तिशा बआवनंतरच्या सात शब्बाथांना सांत्वनाचे भाग तेवढे निवडले आहेत. घरच्या तनाखात तो आहेच, वाचायला कोणी अडविलेले नाही.

रस्त्यावर मात्र हे सारे सांगत बसू नये. "धन्यवाद, मी यहुदी आहे" एवढे पुरे. पुन्हा आग्रह झाला तर नम्रपणे चालू लागावे. पत्रक घरी आलेच तर ते फाडण्याऐवजी आईवडिलांनी मुलांसमवेत बसून त्यातील प्रत्येक संदर्भ तनाखात काढून, दहा वचने मागची व दहा पुढची वाचावीत.

पुढील पाठासाठी यशया ४० ते ५५ वाचून यावे. 'सेवक' हा शब्द कोठे कोठे येतो आणि तेथे तो कोणासाठी आहे, याची यादी मुलांनी वहीत करावी.