भुताचा मालक कोण?

वहीत ‘झपाटलेला’ सिनेमातला बाहुला, तात्या विंचू, काढणं वेगळं आणि त्याची चित्रं विकणं वेगळं. या दोहोंमधली रेघ नेमकी कुठून जाते, हे मला एका भामट्याने शिकवलं.

भुतंखेतं काढण्याचा नाद मला पुष्कळ वर्षांचा. दिवसा पाठ्यपुस्तकांसाठी फुलपाखराचं जीवनचक्र रंगवायचं आणि रात्री हडळी. नाद वाढला तसा घरात कॉमिक्सचा ढीगही वाढला. मग कुणी मागितलं म्हणून चित्रांच्या प्रिंट काढल्या, चित्रकारांच्या बाजारात टेबल मांडलं. सगळ्यात जास्त खपलं ते एक चित्र: ऐन गर्दीच्या विरार लोकलमध्ये तात्या विंचू दाराच्या दांड्याला लोंबकळतोय आणि डब्यातले लोक कधी नव्हे ते एकमेकांना जागा करून देतायत.

एके दिवशी एका मैत्रिणीचा निरोप आला, ‘तुझं चित्र टी-शर्टवर बघितलं, अभिनंदन!’ इंटरनेटवरच्या एका दुकानदाराने ते जसंच्या तसं उचललं होतं. कोपऱ्यातली सही तेवढी पुसली होती. मी तावातावाने पत्र लिहिलं. उत्तर अगदी नम्र आलं: ‘मॅडम, तात्या विंचूचे हक्क तुमच्याकडे आहेत का? असतील तर कागद पाठवा, माल लगेच काढून टाकतो.’

प्रश्न चोराने विचारला असला, तरी तो खरा होता. ओळखीच्या वकीलबाईंनी माझ्या चित्राची सरळ वाटणी करून दिली. ‘लोकल तुझी, गर्दी तुझी, रेषा तुझी. पण गिऱ्हाईक पैसे काढतं ते त्या बाहुल्याकडे बघून. तो तुझा नाही. भांडायला गेलीस, तर नोटीस दोघांनाही येऊ शकते.’ टी-शर्ट विकले जात राहिले. मी माझ्या प्रिंट बंद केल्या.

तुमच्यापैकी कुणी भुतं काढत असेल आणि ती चार लोकांपुढे मांडायचा विचार करत असेल, तर पुढचं त्यांच्यासाठी.

कायदा थोडक्यात

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखक किंवा चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या कामावर हक्क राहतो. सिनेमाची ६० वर्षं प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३चा, म्हणजे तो २०५३ संपेपर्यंत संरक्षित. त्यातला बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला. सिनेमा, पटकथा, बाहुल्याचं रूप अशा एकेका गोष्टीवर वेगवेगळे हक्क असू शकतात. खुनी माणसाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’तही आहे. कल्पनेवर कुणाचा कॉपीराइट नसतो. कल्पनेला जे रूप दिलं, त्यावर असतो. झपाटलेला बाहुला तुम्हीही काढू शकता, पण त्याचा चेहरा, कपडे आणि नाव तुम्हाला शोधावं लागेल.

सरावासाठी, स्वतःपुरतं चित्र काढायला कायदा आडवा येत नाही. अडचण सुरू होते ती छापून विकायला लागल्यावर. शिवाय परदेशात माल पाठवलात, की तिथला कायदाही लागू होतो.

चेहऱ्याची फोड करा

त्या प्रकरणानंतर मी कुठलंही पात्र हातात घेतलं की त्याची फोड करते: यातलं जुनं, सगळ्यांचं काय? अलीकडे कुणी घडवलेलं काय? आणि कुणाच्या श्रद्धेचं काय?

फ्रँकेनस्टाईनचा राक्षस घ्या. मेरी शेलीची कादंबरी १८१८ची, ती सगळ्या जगाची. तिच्यातल्या राक्षसाला पिवळट कातडी, लांब काळे केस, पांढरेशुभ्र दात आणि काळे ओठ आहेत. सपाट डोकं आणि मानेतले खिळे तिच्यात कुठेच नाहीत. ते १९३१च्या सिनेमासाठी जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने बोरिस कार्लॉफच्या अंगावर चढवले. अमेरिकेत त्या सिनेमाचं संरक्षण २०२६ संपेपर्यंत आहे. म्हणजे आपण ज्याला ‘अस्सल फ्रँकेनस्टाईन’ समजून काढतो, तो एका स्टुडिओच्या मेकअपच्या खोलीतला माणूस.

ड्रॅक्युलाचंही तसंच. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत तो पांढऱ्या मिश्यांचा म्हातारा आहे आणि दिवसाउजेडी हिंडतोसुद्धा. उन्हाने रक्तपिपासू मरतो, ही युक्ती १९२२च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन सिनेमाची. हा सिनेमा कादंबरीवरून, पण परवानगीशिवाय काढला होता. नावं बदलून भागलं नाही. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने सिनेमाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपल्याला तो बघता येतो. पात्राचं नाव बदललं की आपण सुटलो, असं समजणाऱ्या प्रत्येक चित्रकाराने हा खटला लक्षात ठेवावा.

उलटही घडतं. जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं नाव प्रदर्शनाआधी बदललं आणि ते बदलताना कॉपीराइटची ओळ पडद्यावरून गळाली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ लागायचीच. सिनेमा पहिल्या दिवसापासून सार्वजनिक झाला. पुढे जगभर झोंबींचं जे पीक आलं, त्याला या गळालेल्या ओळीचाही हातभार आहे.

आता घरातली भुतं. वेताळाच्या गोष्टी सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकात आहेत. त्या कुणीही सांगाव्यात, कुणीही काढाव्यात. पण तलवार घेतलेला विक्रम आणि त्याच्या खांद्यावरचं प्रेत, हे डोळ्यांपुढे येणारं चित्र ‘चांदोबा’चं, ते शंकर या चित्रकाराच्या हातचं. ते २०२०मध्ये गेले. त्यांचं चित्र गिरवू नका, गोष्ट पुन्हा वाचा. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ तर ली फॉकचा. १९३६मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांत जन्मलेला. त्याचा जांभळा पोशाख आणि कवटीची अंगठी यांना मालक आहे. मुंजाची गोष्ट पिंपळाइतकी जुनी, पण २०२४च्या ‘मुंज्या’ सिनेमातलं त्याचं रूप त्या सिनेमाचं.

तिसरा प्रश्न, श्रद्धेचा, कोर्टातला नाही, गावातला आहे. सिंधुदुर्गात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. गावाच्या रक्षणासाठी तो रात्री हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला मोठाल्या चपला वाहतात. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. जो तुमच्या कागदावर भूत, तो कुणाचा तरी राखणदार. वेताळ काढू नका असं मी म्हणत नाही. कुठला काढताय, ते माहीत असू द्या.

संग्रह कशासाठी?

कॉमिक्स जमवण्याचा खरा उपयोग मला ही फोड करताना कळला. एखादा चेहरा कुठून आला, पहिल्यांदा कुणी काढला, मग कुणी उचलला, हे जुन्या अंकात सापडतं. इंटरनेटवरच्या चित्राला बहुधा ना साल असतं ना नाव. छापील अंकावर प्रकाशक, क्रमांक, किंमत असते. नशीब असेल तर चित्रकाराचं नावही असतं. म्हणून मी जमवते ते भाव वाढेल म्हणून नाही, साक्षीदार हाताशी असावेत म्हणून.

त्यामुळे विकत घेताना साक्षीदार खोटा नाही ना, एवढं बघायचं. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं, १९९०मध्ये बंद पडलं. त्याच्या जुन्या अंकांना आता चांगला भाव येतो, आणि भाव आला की लबाडी येते. मला एका विक्रेत्याने दिलेल्या अंकाचं मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्सचं निघालं. आतली पानं खरी होती. तेव्हापासून मी भिंग घेऊनच जाते. जुन्या छपाईत रंगांचे ठिपके स्वच्छ, वेगवेगळे दिसतात. झेरॉक्समध्ये ते एकमेकांत मिसळून भुरकट होतात. मधली जोडपानं आहेत का, हे पिनांपाशी उघडून पाहा. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून आलेल्या अंकांच्या कडा बाइंडिंगसाठी कापलेल्या असतात. दुसऱ्या अंकाशेजारी ठेवलं की उंचीतला फरक कळतो. शिक्के आणि कापलेली कड असली तरी माझी हरकत नसते. वाचायला तो अंक पुरतो, फक्त पैसे त्या मानाने द्यावेत.

जपण्याचं सांगायचं तर आपल्या किनाऱ्यावर खलनायक ठरलेला आहे: दमट हवा. कॉमिक्सचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच राहतं. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. जुन्या कागदाला ५० टक्क्यांच्या आत आर्द्रता मानवते. पावसाळ्यात मुंबईची हवा ८०च्या वर जाते. पिना गंजतात, बुरशी येते आणि कसर कागदाबरोबर खळही खाते.

उपाय साधे आहेत. अंक माळ्यावर ठेवू नका आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातही नको. वह्यांना घालतो ते जाड, वास येणारं पीव्हीसीचं कव्हर शाईला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या वापरा आणि पाठीशी आम्लरहित पुठ्ठा घाला. सेलोटेप कधीच नको. तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशन तर उलटवताच येत नाही. डांबरगोळ्यांऐवजी सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी बदला. वेखंडाची पुरचुंडी ठेवायची तर अंकाला लागू देऊ नका. कसर दिसली तर अंक पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर पानांवर दव धरतं.

हे सगळं फार वाटत असेल, तर विल्यम गेन्सचं उदाहरण घ्या. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ काढणारा हा प्रकाशक. भयकॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असा अमेरिकेत गदारोळ झाला. १९५४मध्ये तो स्वतःहून सिनेटच्या समितीपुढे साक्षीला उभा राहिला. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि तिने रक्तपिपासू, झोंबी, नरवृक यांना हद्दपार केलं. गेन्सची भयमालिका बंद पडली. पण त्याने प्रत्येक अंकाच्या काही प्रती बांधून बाजूला ठेवल्या होत्या. अंधारात, कोरड्या जागी राहिलेला तोच स्वस्त कागद कित्येक दशकांनी पांढरा निघाला.

आपलं भूत कसं काढावं?

मला वाट दाखवली ती बर्नी राइटसन या अमेरिकी चित्रकाराने. त्याने फ्रँकेनस्टाईनची चित्रं काढायला घेतली तेव्हा सिनेमा बाजूला ठेवला आणि कादंबरी उघडली. जवळपास सात वर्षं फावल्या वेळात काम करून १९८३मध्ये ते पुस्तक आलं. त्याच्या राक्षसाला लांब केस आहेत, खिळे नाहीत, आणि तो बघताक्षणी राइटसनचा म्हणून ओळखू येतो.

मीही मग सिनेमाकडून गोष्टीकडे वळले. गिऱ्हा काढायचा तर आधी त्याच्या गोष्टी सांगणाऱ्या आजींकडे बसायचं, मग पावसाळ्यात डोहाकाठी जाऊन पाण्याखालची मुळं काढायची. मुंजासाठी पिंपळाची साल, हडळीसाठी उलट्या पावलांनी चालणारी माझी भाची. खवीस, जखीण, देवचार, चकवा. एवढी भुतं मालकाविना पडून आहेत. सिनेमांनी त्यातली थोडीच उचलली आहेत. कुणाची शैली आवडली तर तिचा अभ्यास जरूर करा. शैलीवर हक्क नसतो. ठरावीक चित्र खालून उजेड देऊन गिरवलंत, की तो चोरीचाच माल.

सामानाची एक सूचना. स्पिरिटच्या मार्करचे रंग झकास दिसतात, पण उन्हात उडतात. मूळ चित्र टिकवायचं असेल तर पिगमेंट शाई आणि आम्लरहित कागद. चित्र पूर्ण झालं की ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि पेन्सिलीचे कच्चे आराखडे तारखा घालून जपा.

या तारखा माझ्या कामी आल्या. माझा गिऱ्हाही पुढे कुणीतरी उचललाच. या वेळी मी कच्ची चित्रं, स्कॅन आणि तारखा विक्री करणाऱ्या संकेतस्थळाकडे पाठवल्या. पात्र कुणाचं, हा प्रश्न निघालाच नाही आणि ती वस्तू तिथून उतरली. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्र काढलं की हक्क आपोआप मिळतो. वाद झाला तर पुरावा मात्र आपण द्यायचा असतो.

तेव्हा चित्र विकायला काढण्याआधी त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत यातलं परंपरेचं काय, दुसरीत माझं काय. दुसरी ओळ रिकामी राहत असेल, तर ते चित्र खुशाल घरात लावा. विकायला पुढचं काढा.